जॅझ पियानो ट्रिओ, नवा अल्बम, आणि पहिला कार्यक्रम ठाण्यातच करायचाय. कसा बसवू?

घोडबंदरचा_पियानोवाला

नमस्कार मंडळी,

आमचा जॅझ पियानो ट्रिओ आहे. मी पियानो, डबल बास वाजवणारा मित्र नेरूळचा आणि ड्रमर कळव्याचा. अल्बम मिक्स-मास्टर होऊन तयार आहे, आठ ट्यून्स, सगळ्या आमच्याच, त्यात दोन बॅलड (संथ लयीच्या), एक सात मात्रांची, बाकी स्विंग आणि थोडं लॅटिन अंगाचं. आता तो लोकांसमोर वाजवायचाय आणि माझा हट्ट आहे की पहिला कार्यक्रम ठाण्यातच व्हावा. सगळे सांगतायत की साउथ मुंबईत कर, नाहीतर वांद्र्याला कर, तिकडे जॅझचा ऑडियन्स तयार आहे. मान्य आहे, पण ठाण्यात नाटकं हाउसफुल जातात, गाण्याच्या बैठकीला लोक तीन-तीन तास हलत नाहीत, पं. राम मराठे समारोहाला मी लहानपणापासून बघत आलोय इथले लोक कसे ऐकतात ते, मग हे कान आमच्या संगीताला का मिळू नयेत? शिवाय रात्री नरिमन पॉइंटहून निघून सीएसएमटी गाठायचं आणि तिथून लोकलने घरी यायचं या विचारानेच आपल्याकडचे कितीतरी लोक तिकडे जात नाहीत, हे मी आमच्याच सोसायटीत बघतो.

तर विचारायचंय ते असं की अल्बम पहिल्या ट्यूनपासून शेवटच्यापर्यंत आहे त्याच क्रमाने वाजवावा की फिरवावा, मध्ये ओळखीचं काहीतरी घालावं का, निवेदक ठेवावा की आपणच बोलावं, मध्यंतर द्यावं का. आणि सगळ्यात मोठा प्रश्न पियानोचा. माझ्याकडे चांगला स्टेज पियानो (इलेक्ट्रॉनिक) आहे पण मनातून खरा ग्रँड (आडव्या तारांचा मोठा पियानो) हवाय. ठाणे-नवी मुंबईत कोणी असे कार्यक्रम केलेत किंवा ऐकलेत त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

---

वाशीचा_साउंडवाला

भावा आधी अभिनंदन. मी नाटकं, ऑर्केस्ट्रा, शास्त्रीय सगळ्यांचं साउंड करतो, त्यामुळे माझ्या बाजूचं सांगतो.

मोठं नाट्यगृह घेऊ नकोस. गडकरी काय, घाणेकरचं मोठं थिएटर काय किंवा आमच्या वाशीचं भावे काय, ही मुळात नाटकासाठी बांधलेली थिएटरं, तिथे मागच्या रांगेपर्यंत पोचायचं तर तुला सगळंच माइकवर घ्यावं लागणार. आणि एकदा सगळं स्पीकरमधून यायला लागलं की ट्रिओची मजा निम्मी गेली, कारण ब्रशेस (तारांचे कुंचे) स्नेअर ड्रमवर फिरतायत तो सळसळणारा आवाज आणि त्याच्यावर पियानोची हळूच पडलेली एक कॉर्ड, हे दोन्ही एकाच जागेतून, एकाच हवेतून कानावर यायला पाहिजे. दोनशेच्या आतबाहेर खुर्च्या असलेला छोटा हॉल बघ. घाणेकरचं मिनी थिएटर आहे, घंटाळीला सहयोग मंदिर आहे, शाळा-कॉलेजांचे हॉल आहेत. हॉलमध्ये उभा राहून एक टाळी वाजव आणि ऐक, टाळी विरायला जास्त वेळ लागत असेल तर ड्रम्सचा तिथे गोंगाट होणार, मग मागच्या भिंतीला जाड पडदे सोडायला सांग, आणि ड्रमच्या खाली सतरंजी तर हवीच.

आता पियानो. भाड्याने ग्रँड मिळतो मुंबईत, पण खर्च फक्त भाड्याचा नसतो, टेम्पो, चढवायला-उतरवायला ही कामं जाणणारी माणसं, आणि ट्यूनर. दोनशेच्या वर तारा असतात त्यात, प्रवासात आणि आपल्या दमट हवेत त्या सरकतातच. म्हणून कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी पियानो त्याच्या जागेवर ठेवायचा, हॉलचा एसी संध्याकाळी जेवढा असणार तेवढाच चालू करून ठेवायचा, पियानोला त्या हवेत निवू द्यायचं आणि मग ट्यूनरला बसवायचं. ट्यूनिंगला दीड-दोन तास सहज जातात आणि त्या वेळात हॉलमध्ये खुर्च्या ओढायच्या नाहीत की माइक टेस्टिंग करायचं नाही. म्हणजे हॉल तुला दिवसभर लागणार, एका सेशनमध्ये हे काम बसत नाही. शनिवार-रविवारी दिवसभर मिळणं अवघड, तेव्हा मधल्या वारची तारीख घे आणि साडेसातला सुरू कर.

डबल बासचं एक सांगतो. त्याची सगळ्यात खालची मोकळी तार साधारण 41 हर्ट्झला असते, छोट्या स्पीकरमधून ती धड येत नाही आणि हॉलमध्ये मात्र घुमते, मग ऑपरेटर बिचारा बास वाढवत जातो आणि शेवटी नुसता घूं आवाज राहतो, स्वर कुठला ते कळत नाही. ब्रिजवरचा (तारांखालच्या घोडीवरचा) पिकअप थोडा आणि एक छोटा क्लिप माइक थोडा असं मिसळायचं, चाळीसच्या खालचं सगळं कापायचं. ड्रम्सना छोट्या हॉलमध्ये फार तर एक ओव्हरहेड (वरून टांगलेला माइक), तोही ब्रशेससाठी.

---

नौपाड्याचे_काका

अरे वा, तुझ्या हट्टाला माझा शंभर टक्के पाठिंबा.

मी 1978 साली मुंबईच्या रंगभवनला पहिली जॅझ यात्रा (जॅझचा महोत्सव) ऐकली तेव्हा कॉलेजात होतो, सॅक्सोफोनवाल्या सॉनी रोलिन्सला तिथे उघड्या आकाशाखाली ऐकलं, आणि आजूबाजूला गिरगाव-दादरची आपली मराठी मुलं भरपूर होती, तेव्हा हे संगीत आपल्या लोकांचं नाही असं कोणी म्हटलं की मला पटत नाही. त्याच्याही आधी 1930 च्या दशकात ताजमध्ये क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफोर्ड असे अमेरिकन वादक वाजवत होते, वेदरफोर्ड तर पियानोवालाच. त्यांचं बघून-ऐकून गोव्याची मंडळी तयार झाली आणि तीच पुढे सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात गेली. आपल्या सी. रामचंद्रांच्या गाण्यात जो ट्रम्पेट ऐकत आपण वाढलो तो चिक चॉकलेटचा, आणि शंकर-जयकिशनच्या अरेंजमेंट सेबॅस्टियन डिसूझांच्या. म्हणजे ठाण्यातल्या माझ्या वयाच्या प्रत्येक माणसाच्या कानात हे सूर आधीच गेलेले आहेत, त्याला फक्त कोणी सांगितलेलं नाही.

क्रमाबद्दल विचारलंस. माझं मत, अल्बमचा क्रम विसर. अल्बमचा क्रम घरी बसून ऐकणाऱ्यासाठी असतो, तो हवं तेव्हा थांबवतो, पुन्हा लावतो. समोर बसलेला माणूस ऑफिसमधून घोडबंदर रोडचा ट्रॅफिक सोसून आलेला असतो, त्याचा श्वास बसायला एक ट्यून जाते. म्हणून सुरुवात मध्यम लयीच्या स्विंगने कर, ज्यात वॉकिंग बास (प्रत्येक मात्रेवर एक स्वर घेत चालणारा) स्पष्ट आहे, पायाने ठेका धरता येतो. सात मात्रांची दुसऱ्या भागात. दोन्ही बॅलड लागोपाठ नकोत.

आणि एक महत्त्वाचं, रेकॉर्डवर जे वाजलंय तेच पुन्हा वाजवायला जाऊ नकोस. अमेरिकन पियानोवाल्या बिल इव्हान्सच्या ट्रिओचंच बघ. 25 जून 1961, रविवार, न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबमध्ये एकाच दिवसात पाच सेट वाजवले, बासवर स्कॉट लाफारो, ड्रम्सवर पॉल मोशन. त्यातल्या काही ट्यून्स दुपारी वाजल्या आणि रात्री पुन्हा वाजल्या, दोन्ही रेकॉर्डिंग आज ऐकायला मिळतात, आणि दोन्ही वेळी लाफारो बासवर वेगळंच काही बोलतोय. अकरा दिवसांनी तो अपघातात गेला, पंचवीस वर्षांचा होता. त्या रेकॉर्डमध्ये ग्लासांचे आवाज आहेत, लोकांचं बोलणं आहे, पण तिघं एकमेकांचं इतकं ऐकतायत की आपणही कान टवकारतो. मला कोणी विचारलं ट्रिओ म्हणजे काय तर मी तेच लावून देतो.

बाकी मध्यंतर हवंच. नाटकाला असो की गाण्याला, ठाणेकर मध्यंतरात बटाटेवडा आणि चहा घेऊन चर्चा करणार, ती सवय मोडू नये.

---

खारघरची_रसिका

मी जॅझ वाजवत नाही, हिंदुस्थानी गाणं शिकते, तेव्हा श्रोता म्हणून लिहिते.

पहिल्यांदा जॅझ ट्रिओ ऐकायला बसले तेव्हा वाजतंय छान हे कळत होतं पण कुठे आहोत हे कळत नव्हतं. मग एका मैत्रिणीने फॉर्म (ट्यूनचा आराखडा) मोजायला शिकवलं आणि एकदम दार उघडलं. बत्तीस बारची ट्यून, बारमध्ये चार मात्रा, म्हणजे 128 मात्रांचं एक आवर्तन, आपल्या तीनतालाची बरोब्बर आठ आवर्तनं. आठ-आठ बारचे चार भाग, पहिले दोन सारखे, तिसरा वेगळा, चौथा पुन्हा पहिल्यासारखा. हेड, म्हणजे मूळ चाल, वाजवून झालं की सोलोमध्ये ती दिसत नाही पण हा आराखडा खालून चालूच असतो, फिरून फिरून टॉपला (सुरुवातीला) येतो. तिसरा भाग आला की हार्मनी कूस बदलते ते ऐकू यायला लागलं ना की मग सोलो कितीही लांब असू दे, माणूस हरवत नाही. ज्याला समेची ओढ कळते त्याला हे शिकायला पाच मिनिटं पुरतात, आणि ठाण्यात अशी माणसं कमी नाहीत.

म्हणून दादा, माझी मनापासून विनंती की निवेदक नको. आपल्याकडचं निवेदन म्हणजे कविता, चारोळ्या, शुभेच्छा, पाहुण्यांचे सत्कार, त्यात जॅझची हवाच निघून जाईल. तुम्ही स्वतः बोला, पियानोवर बसल्या बसल्या. दुसऱ्या ट्यूनच्या आधी एकदा हेड नुसतं वाजवून दाखवा, तिसरा भाग कुठे सुरू होतो ते बोट वर करून दाखवा, आणि सांगा की आता हेच खालून चालू राहणार आहे. बस, दोन मिनिटं. प्रत्येक ट्यूनला लेक्चर नको.

सात मात्रांच्या ट्यूनला रूपकाची आठवण लोकांना होणारच. रूपकात सम खालीच्या मात्रेवर असते हे इथल्या श्रोत्यांच्या अंगात मुरलेलं आहे, तुमच्या ट्यूनमध्ये पहिल्या मात्रेवर वजन आहे की नाही हे त्यांना लगेच जाणवेल. तिथे कदाचित काहीच सांगू नका, त्यांचं त्यांना सापडू दे, सापडल्यावर जो आनंद होतो तो वेगळाच असतो.

दाद द्यायची मोकळीक मात्र आधी सांगून टाका. आमच्याकडे चांगली जागा आली की तिथल्या तिथे वाह निघतं, पण इंग्रजी पद्धतीचा कार्यक्रम म्हटला की आपली माणसं उगाच गप्प बसतात.

---

घोडबंदरचा_पियानोवाला

सगळ्यांना खूप खूप धन्यवाद, एवढं सविस्तर कोणी लिहील वाटलं नव्हतं. साउंडवाले दादा, एसी आणि ट्यूनिंगचं गणित डोक्यातच नव्हतं, लिहून घेतलंय. काका, क्रम फिरवायचं नक्की. रसिका ताई, बोट वर करून तिसरा भाग दाखवायची कल्पना ड्रमरला एवढी आवडली की तो म्हणतोय तिथे मी राइडवरून (मोठ्या झांजेवरून) हाय-हॅटवर (पायाने मिटणाऱ्या झांजांच्या जोडीवर) जातो म्हणजे बदल कानालाही कळेल.

एक राहिलंच. काही मित्र म्हणतायत की सगळं नवीन वाजवलंत तर लोक कंटाळतील, मध्ये एखादं लोकप्रिय भावगीत जॅझ करून टाका, हॉल डोक्यावर घेतील. मला ते जमतंही, पण मनाला पटत नाहीये. काय वाटतं?

---

नौपाड्याचे_काका

जॅझवाल्यांनी लोकप्रिय गाणी घेतलीच ना रे, अर्धी स्टँडर्ड्स (सगळे जॅझवाले वाजवतात त्या ट्यून्स) म्हणजे त्या काळची नाटक-सिनेमाची गाणीच. पियानोवाल्या अहमद जमालने 1958 मध्ये शिकागोच्या पर्शिंग हॉटेलमध्ये ट्रिओबरोबर जी रेकॉर्ड केली ती शंभराहून जास्त आठवडे चार्टवर होती, आणि त्यात बहुतेक लोकांच्या ओळखीचीच गाणी, पण त्याने त्यात एवढी जागा मोकळी सोडली, एवढं कमी वाजवलं की ती त्याचीच झाली. मग भावगीताला काय हरकत आहे?

---

खारघरची_रसिका

काका, तुमचा मान राखून सांगते, मला नाही पटत. जमालने ती गाणी प्रेमाने घेतली होती. इथे मित्र सांगतायत ते लोकांना बांधून ठेवायला म्हणून. नवीन अल्बमच्या पहिल्याच कार्यक्रमात असं केलं तर बाहेर पडताना लोक त्या भावगीताबद्दलच बोलतील, आणि वर्ष-दोन वर्षं खपून केलेल्या आठ ट्यून्स मागे पडतील. पुढच्या कार्यक्रमात खुशाल घ्या, मनापासून बसवून घ्या. यावेळी एखादं जुनं जॅझ स्टँडर्ड घ्या मध्यंतरानंतर, म्हणजे तुम्ही कुठून आलात ते कळेल, आणि बाकी सगळं तुमचं.

---

नेरूळची_चार_तारांची

मी बास वाजवते. जागेचं कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते, कारण ट्रिओत कोण कुठे उभं आहे यावर निम्मं संगीत ठरतं.

प्रेक्षकातून बघताना पियानो डावीकडे, झाकण प्रेक्षकांच्या दिशेला उघडणारं. बासवाला पियानोच्या त्या वळणात, अगदी आत शिरून, आणि ड्रम्स उजवीकडे. ड्रमर उजव्या हाताचा असेल तर त्याची राइड सिंबल बासच्या बाजूला येते, आणि बास आणि राइड हे दोघं एकमेकांच्या कानाशी असले की टाइम आपोआप घट्ट बसतो. नाट्यगृहाचं स्टेज मोठं दिसलं की आयोजक तिघांना लांब लांब बसवतात, फोटोत छान दिसतं म्हणून, ते अजिबात ऐकू नका, सगळ्यांमध्ये हात लांब केला तर पोचेल एवढंच अंतर ठेवा आणि स्टेजच्या पुढच्या काठाशी या. इतके जवळ असाल तर मॉनिटर (वादकांकडे तोंड केलेला स्पीकर) लागतच नाही, आणि मॉनिटर नसला की तिघंही आपोआप हळू वाजवतात.

डाव्या हाताने कॉर्डचे मूळ स्वर कमी वाजव एवढंच पियानोवाल्याला सांगणं आहे. बास खाली मूळ स्वर देतोय, तोच तू खाली ठोकलास तर माझी जागा गेली. इव्हान्सने मूळ स्वर सोडून कॉर्ड वाजवल्या म्हणून तर लाफारोला वर जाऊन गाता आलं.

आणि बास सोलोला ड्रमरने पूर्ण थांबू नये. आपल्याकडे बास सोलो आला की लोकांना वाटतं आता जरा विश्रांती, बाजूच्याशी बोलायला लागतात. तिथे ब्रशेसने नुसती लय धरून ठेवली आणि पियानोने अधूनमधून एक स्वर टाकला तर लोकांचं लक्ष सुटत नाही. अल्बममध्ये बासचे सोलो किती आहेत माहीत नाही पण कार्यक्रमात एक तरी लांब सोलो द्या तुमच्या मित्राला, बॅलडमध्ये द्या, फास्ट ट्यूनमध्ये नको.

---

घोडबंदरचा_पियानोवाला

ताई, डाव्या हाताचं अगदी खरं, आमचा बासवाला हे वाचून प्रचंड खूश झालाय, त्याने स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकला.

ठरलंय ते सांगतो. भावगीत नाही. मध्यंतरानंतर एक ब्लूज घेतोय, बारा बारचा, साधा, त्यात ड्रमरबरोबर चार-चार बार वाटून घेणार, कारण ते सवाल-जवाबासारखं लोकांना लगेच कळतं. निवेदक नाही, मीच बोलणार. मध्यंतर आहे, काकांच्या वड्यासाठी. छोटा हॉल बघतोय, दोन ठिकाणी टाळी वाजवून झाली, एका ठिकाणी आवाज फार घुमला, दुसरं बरं वाटलं. सीडी आता कोणाकडे वाजतच नाही, तर बाहेर एक टेबल मांडून क्यूआर कोडचं कार्ड ठेवतोय, आत प्रत्येक ट्यूनबद्दल दोन ओळी मराठीत, आणि थोड्या व्हायनल काढायच्या की नाही यावर आमची अजून भांडणं चालू आहेत.

फक्त पियानोवर गाडी अडलीये. ग्रँडचा एकूण खर्च काढला तर तिकिटं वाढवावी लागतायत आणि मला विद्यार्थ्यांना स्वस्तात आत घ्यायचंय. स्टेज पियानोवर केलं तर फार वाईट होईल का?

---

वाशीचा_साउंडवाला

वाईट नाही, पण वेगळं होईल. स्टेज पियानोचा आवाज तुझ्या हाताखालून येत नाही, स्पीकरमधून येतो, म्हणजे ड्रमरला तू तिथे ऐकूच येत नाहीस, मॉनिटर लावावा लागतो, मग बासलाही लावावा लागतो, मग ड्रम्स वाढतात, आणि वर त्या नेरूळच्या ताईंनी सांगितलं ते सगळं पाण्यात.

मधला मार्ग सांगतो. चांगला अपराइट (उभ्या तारांचा पियानो) भाड्याने घे. ग्रँडपेक्षा बराच हलका, कमी माणसांत चढतो, छोट्या हॉलला आवाज पुरतो. वरचं झाकण उघडायचं, पाहिजे तर पुढची फळी काढून टाकायची, हातोड्या पडताना दिसतात ते पोरांना बघायला जाम आवडतं. एक लक्षात ठेव, अपराइटला पाठीकडून पण आवाज येतो, तेव्हा भिंतीला चिकटवू नको, तिरपा ठेव, पाठ थोडी ड्रमरकडे वळव म्हणजे त्याला तू नीट ऐकू येशील. फक्त तुला मान वळवून दोघांकडे बघता येतंय ना ते बसून बघ, ग्रँडवर समोर दिसतं तसं इथे दिसत नाही. आत दोन माइक, तेही अगदी हळू.

ट्यूनिंग याला पण लागणारच, त्यात पैसे वाचवू नको. ट्यूनर मोजके आहेत आणि डिसेंबर-जानेवारीत लग्नं, हॉटेलं, कार्यक्रम सगळीकडे पळत असतात. तेव्हा आधी ट्यूनरची सकाळ पक्की कर आणि मग त्या तारखेला हॉल मिळतोय का बघ. तारीख ठरली की इथे टाक, वाशीहून ट्रान्सहार्बरने आम्ही चार-पाच जण येतोच.